टाइप १ मधुमेह आणि गव्हाचा प्रश्न



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते मास्तर वर्गातलं एखादं मूल खालावलेलं दिसलं की संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन चौकशी करत, असं इथली जुनी मंडळी सांगतात. मुलानं स्वतःहून काही तक्रार केलेली नसली, तरी जात. मला आज जे सांगायचं आहे ते त्यांच्या या सवयीच्या जवळचं आहे, म्हणून विषय निवडताना फार विचार करावा लागला नाही.

प्रश्न असा: टाइप १ मधुमेह असलेल्या प्रत्येकाची, त्याला काहीही त्रास होत नसला तरी, सिलिॲक आजारासाठी रक्ततपासणी करायची का? आणि करायची तर कधी कधी? एवढा तांत्रिक विषय जाहीर व्याख्यानाला कशाला, असं मला विचारलं गेलं. कारण सरळ आहे. ही तपासणी प्रयोगशाळेत होते, पण तिचा निकाल राबवायचा असतो तो घरच्या ओट्यावर, पिठाच्या गिरणीत, शाळेच्या डब्यात आणि लग्नाच्या पंगतीत. तिथं डॉक्टर नसतात, घरची माणसं असतात.

साखरेचा आजार म्हटलं की आपल्याला पोट सुटलेले, पन्नाशीतले काका आठवतात. तो टाइप २. मी बोलतोय तो टाइप १. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करते. चांगलं हसतंखेळतं मूल काही आठवड्यांत सुकतं, सारखं पाणी मागतं, रात्री लघवीला उठतं, आणि वेळेवर निदान झालं नाही तर बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात पोचतं. त्या दिवसापासून इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू होतात, ती कायमची. आईनं गरोदरपणात गोड खाल्लं म्हणून किंवा मूल चॉकलेट फार खायचं म्हणून हा आजार होत नाही. हे वाक्य मी प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो, कारण अजूनही कितीतरी आया हा दोष उरावर घेऊन जगतात.

सिलिॲकमध्येही संरक्षणयंत्रणाच उलटते, फक्त जागा वेगळी. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. ज्यांची जनुकीय घडण तशी असते अशा काही माणसांत ग्लुटेन पोटात गेलं की लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला सुरू होतो. अन्नातला कस शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजतात आणि अस्तर सपाट होतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. ही गव्हाची ॲलर्जी नव्हे. खाल्ल्याखाल्ल्या अंगावर पित्त उठत नाही, सूज येत नाही. वर्षानुवर्षं आतल्या आत नुकसान चालू राहतं.

हे दोन आजार एकाच माणसात भेटतात याला कारण आहे. आपल्या पेशींवर एचएलए नावाची ओळखचिन्हं असतात. त्यातली डीक्यू २ आणि डीक्यू ८ ही चिन्हं जवळजवळ प्रत्येक सिलिॲक रुग्णात सापडतात, आणि टाइप १ मधुमेहाच्या बहुसंख्य मुलांतही तीच असतात. १९६९ साली वॉकर-स्मिथ आणि ग्रिगर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मधुमेही मुलात सिलिॲक आढळल्याची नोंद केली. तेव्हा ते नवल वाटलं होतं. आज आकडे असे आहेत की साधारण लोकसंख्येत शंभरात एकाला सिलिॲक असतो, तर टाइप १ मधुमेहींमध्ये शंभरात सहाजणांच्या आसपास. उत्तर भारतातल्या काही केंद्रांमध्ये हे प्रमाण दहाच्याही वर गेलेलं आहे.

बरं, लक्षणं दिसली की तपासू, असं म्हणावं तर अडचण अशी की या मुलांत लक्षणं बहुधा दिसतच नाहीत. पुस्तकातलं सिलिॲकचं मूल म्हणजे काड्यांसारखे हातपाय, फुगलेलं पोट, सततचे पातळ जुलाब. मधुमेहाच्या दवाखान्यात सिलिॲक निघतो तेव्हा समोरचं मूल बऱ्याचदा शाळेत जाणारं, खेळणारं, वजन जेमतेम बरं असलेलं असतं. आणि जी थोडी लक्षणं असतात त्यांच्यावर मधुमेहाचं नाव आधीच लागलेलं असतं. थकवा आला? साखरेनं. उंची वाढत नाही? साखर ताब्यात नाही म्हणून. पोट दुखतं? शाळेला दांडी मारायची असेल.

एक मुलगी सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. तिची आई दर भेटीला एक लांबट वही आणायची. रेघा मारून केलेले रकाने: तारीख, जेवणाआधीची साखर, जेवणानंतरची साखर, इन्शुलिनची युनिटं आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकसारखं लिहिलेलं असायचं, ‘दुपारी ५८, घाम, दोन चमचे ग्लुकोज दिलं’, ‘पोळी-भाजी पूर्ण खाल्ली तरी लो’. दोन जेवणांच्या मधे ही मुलगी पुन्हा पुन्हा हायपोत जात होती, म्हणजे तिची साखर फार खाली उतरत होती. घरचे म्हणायचे, आईच सुई जास्त भरते. आई मला म्हणाली, “डॉक्टर, मी समोर बसून जेवायला घालते हो. जेवते ती. मग जातं कुठं?” अगदी नेमका प्रश्न होता तो. वही मागे मागे चाळत गेलं की दिसत होतं, इन्शुलिनची युनिटं वर्षभरात हळूहळू कमी करावी लागली होती. वाढत्या वयाच्या मुलीचा डोस वाढायला हवा, तो घटत होता, आणि नातेवाईक पेढे वाटायच्या बेतात होते की मधुमेह बरा होत चाललाय. उंचीचा तक्ता काढला. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ साली आपल्या मुलांसाठी सुधारलेले तक्ते दिले आहेत, त्यावर तिचे ठिपके मांडले तर रेषा सपाट होत होती. लोहाच्या गोळ्या चालू असून हिमोग्लोबिन हलत नव्हतं. रक्त तपासलं, सिलिॲकची प्रतिपिंडं मर्यादेच्या कितीतरी पट निघाली.

जेवण आतड्यातून रक्तात पुरेसं उतरतच नव्हतं, आणि इन्शुलिन मात्र पूर्ण जेवणाच्या हिशेबानं दिलं जात होतं. आणखी एक बारकावा यात आहे. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग झाला की एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणजे अहवाल सांगतो साखर चढी आहे, वही सांगते मूल लो होतंय, आणि दोहोंच्या मध्ये सापडलेल्या घराला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. तीन महिन्यांची सरासरी बघून इन्शुलिन वाढवण्याआधी हिमोग्लोबिन बघा, असं मी आमच्या तरुण डॉक्टरांना नेहमी सांगतो.

या आजाराचा गव्हाशी संबंध कळायला वैद्यकाला फार वेळ लागला. ५ ऑक्टोबर १८८७ रोजी लंडनमध्ये, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात, सॅम्युअल गी यांनी सिलिॲकवर एक व्याख्यान दिलं. आजाराचं वर्णन त्यांनी इतकं अचूक केलं की आजही ते वाचावं. इलाज झाला तर आहारानंच होईल, हेही त्यांनी ओळखलं होतं. एका मुलाला रोज भरपूर डच शिंपल्या खाऊ घातल्या तर तो छान सुधारला, शिंपल्यांचा हंगाम संपल्यावर पुन्हा खंगला, आणि पुढच्या हंगामात त्यानं त्या तोंडात घ्यायलाच नकार दिला, अशी नोंद त्यांनी केली आहे. पण त्याच व्याख्यानात पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव चालेल, असंही ते सांगून गेले. इतका बारीक पाहणारा माणूस, आणि अपराधी धान्य त्याच्यासमोर ताटात होतं.

ते ओळखलं हॉलंडमधल्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. हेग शहरातल्या युलियाना बालरुग्णालयात काम करताना १९३०च्या दशकापासूनच त्यांना पावाचा संशय होता. पुढे १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. त्या काळात सिलिॲकची मुलं वाईट होण्याऐवजी तग धरून राहिली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली, हे डिके यांनी पाहिलं. उपासमारीमुळे योगायोगानं शोध लागला असं सांगायची पद्धत आहे, मला ते डिके यांच्यावर अन्याय करणारं वाटतं. ते त्या प्रश्नामागे आधीपासून होते. नंतर व्हायर्स आणि व्हान डे कामर यांच्याबरोबर मुलांच्या शौचातली चरबी मोजून त्यांनी ते सिद्ध केलं. १९५०चा त्यांचा प्रबंध आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतले शोधनिबंध यांच्यावर आजचा सगळा उपचार उभा आहे. गेल्या सत्तर वर्षांत त्या उपचाराला पर्याय मिळालेला नाही.

रक्ततपासणी मात्र अलीकडची. १९९७ साली डिटेरिश, शुप्पान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिलिॲकमधली प्रतिपिंडं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या आपल्याच शरीरातल्या एका विकराविरुद्ध तयार झालेली असतात. त्यावरून आली ती टीटीजी-आयजीए ही तपासणी. उपाशी राहायला नको, दुर्बीण घालायला नको, हाताच्या शिरेतून थोडं रक्त. मधुमेहाच्या मुलाचं रक्त तसंही थायरॉइडसाठी काढलं जातं, त्यातच हे भागतं.

आता कधी करायची ते पाहू. बालमधुमेहाची आंतरराष्ट्रीय संघटना आणि अमेरिकन डायबेटिस असोसिएशन दोघींचं म्हणणं साधारण एकच आहे: मधुमेहाचं निदान होताच एकदा, नंतर दोन वर्षांच्या सुमारास, मग पाच वर्षांच्या सुमारास, आणि मधे कधी संशय आला तर तेव्हा. हे टप्पे हवेतून आलेले नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली जो आढावा निघाला त्यात असं दिसलं की मधुमेही मुलांमधल्या सिलिॲकच्या एकूण निदानांपैकी सुमारे ४० टक्के पहिल्या वर्षात, ५५ टक्के दोन वर्षांत आणि ७९ टक्के पाच वर्षांत होतात. म्हणजे पहिल्या दिवशी तपासणी केली, ‘निगेटिव्ह’ आली आणि फाइल बंद केली, तर निम्म्याहून जास्त मुलं हातातून निसटतील. आमच्याकडे नेमकं हेच घडतं. पहिली तपासणी आता मोठ्या शहरांत बऱ्यापैकी होऊ लागली आहे. दुसरी कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण तोवर मूल बरं असतं, डॉक्टर बदललेला असतो, आणि पालकांना वाटतं की ती तपासणी तर झाली.

इथं काही धोक्याच्या जागा आहेत. टीटीजी बरोबर एकूण आयजीए, म्हणजे या प्रकारची सगळी प्रतिपिंडं मिळून किती आहेत, तेही मोजायला हवं. काही माणसांच्या शरीरात आयजीए तयारच होत नाही, आणि टाइप १ मधुमेह व सिलिॲक या दोन्ही आजारांत अशी माणसं इतरांपेक्षा जास्त असतात. त्यांची टीटीजी-आयजीए आजार असूनही सुखरूप निघणार. त्यांच्यासाठी आयजीजीवर आधारलेली तपासणी करावी लागते. दुसरी जागा घरातली आहे. हल्ली इंटरनेटवर वाचून लोक आधीच गहू बंद करतात आणि मग तपासणीला येतात. कळकळीनं सांगतो, असं करू नका. गहू बंद झाला की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार होता की नव्हता हे पुढं कुणालाच सांगता येत नाही. सगळ्या तपासण्या संपेपर्यंत पोळी चालू राहू द्या.

तिसरी गोष्ट थोडी जास्त वेळ घेऊन सांगायला हवी. अहवालात आकडा मर्यादेच्या जरासा वर आला म्हणजे सिलिॲक झाला असं नाही. विशेषतः टाइप १ मधुमेहाच्या मुलांत ही प्रतिपिंडं कधी कधी थोडी वर येतात आणि गहू चालू असतानाच आपोआप खाली जातात. अशा मुलाला त्याच दिवशी जन्मभराचं पथ्य लावणं हा अन्याय आहे. काही महिने थांबून पुन्हा मोजावं. आकडा चढत गेला तर पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवावं. ते दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-पाच ठिकाणचे तुकडे घेतात. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांनी २०२०च्या मार्गदर्शिकेत अशी मुभा दिली आहे की टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि वेगळ्या नमुन्यावर दुसरी प्रतिपिंडंही निघाली, तर बायोप्सीविना निदान करता येतं. त्रास नसलेल्या मधुमेही मुलांच्या बाबतीत मी स्वतः ही मुभा हात राखून वापरतो. ज्या मुलाच्या ताटातून आपण पोळी कायमची काढणार आहोत त्याला, आणि त्याच्या पंधराव्या वर्षी ‘खरंच होतं का मला?’ असं तो विचारील तेव्हा त्याच्या आईवडिलांना, दाखवायला पुरावा असावा.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. मूल बरं आहे, त्रास नाही, तरी शोधून काढायचं. शोधलं, तर आधीच चार सुया टोचून घेणाऱ्या मुलावर दुसरं पथ्य लादायचं. हे त्याच्या भल्याचं आहे का? माझे काही सहकारी हा प्रश्न मनापासून विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. १९६८ साली विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासणीच्या कसोट्या मांडल्या. नुसती तपासणी चांगली असून चालत नाही, लवकर सापडल्याचा माणसाला फायदा व्हायला हवा, ही त्यातली मुख्य कसोटी. सर्वसाधारण, त्रास नसलेल्या लोकांच्या बाबतीत अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०१७ साली स्पष्ट म्हटलं की पुरावा अपुरा आहे. टोरोंटोमधून झालेल्या एका चाचणीत मधुमेह असलेल्या आणि सिलिॲकचा त्रास न जाणवणाऱ्या ५१ जणांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं, एका गटाला ग्लुटेनविरहित आहार दिला, दुसऱ्याला नेहमीचा. २०२० साली निष्कर्ष आले. वर्षभरात एचबीएवनसीमध्ये किंवा हायपोंमध्ये गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे ‘पथ्य करा, साखर सुधारेल’ असं आश्वासन मी कुणाला देऊ शकत नाही, आणि देतही नाही.

तरीही मी तपासणीच्या बाजूनं उभा आहे. एक वर्ष हा या आजाराच्या हिशेबात फार थोडा काळ आहे. हाडांची घनता, उंची, पाळी सुरू होण्याचं वय, पुढं गरोदरपण, या गोष्टी वर्षभरात मोजून होत नाहीत. स्वीडनमध्ये राष्ट्रीय नोंदी वापरून जे अभ्यास झाले त्यांत दोन्ही आजार एकत्र पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण नुसत्या मधुमेहींपेक्षा जास्त दिसलं. नोंदींवरच्या अभ्यासाला मर्यादा असतात, पण तो आकडा पाहून स्वस्थ बसवत नाही. शिवाय ‘त्रास नाही’ हे आपण कुणाच्या सांगण्यावरून म्हणतो? आजारी असण्याचीच सवय झालेलं मूल आपल्याला त्रास नाही असंच सांगणार. पथ्य सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी ‘आता दुपारी झोप येत नाही’ असं सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. तो थकवा होता हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

आणि इटलीनं तर याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या संसदेच्या १३० क्रमांकाच्या कायद्यानं मुलांमध्ये टाइप १ मधुमेह आणि सिलिॲक या दोन्हींची देशव्यापी तपासणी एकत्र करण्याची तरतूद झाली. मधुमेही मुलांचीच नव्हे, सगळ्या मुलांची. आपण तिथवर जावं असं मी म्हणत नाही. ज्यांना धोका कितीतरी पट आहे एवढ्या मुलांपुरतंच मागणं आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट मांडली की हमखास एक उत्तर येतं: हा पंजाबचा आजार, आपल्याकडे नसतो. १९६६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी उत्तर भारतीय मुलांमधल्या सिलिॲकचं वर्णन केलं, तेव्हापासून हा समज आहे आणि त्याला आधारही आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या भारतीय पाहणीत रक्तात सिलिॲकची प्रतिपिंडं सापडण्याचं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. पण त्याच पाहणीतली दुसरी बाजू कुणी सांगत नाही. आजाराला पोषक जनुकं तिन्ही भागांत सारख्याच प्रमाणात होती, साधारण तीनात एकाकडे. फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू साडेचारशे ग्रॅम, दक्षिणेत पंचवीस. जनुकं जागेवरच आहेत, गहू आला की आजार दिसेल.

आणि आपल्या ताटात गहू आलाच आहे. मराठवाड्यात, सोलापुरात, नगरकडे दोन पिढ्यांपूर्वी रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची होती आणि पोळी सणाला व्हायची. आज तिथंही मुलांच्या डब्यात पोळी असते, संध्याकाळी बिस्किट, नूडल्स, पाव. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर गहू दोन रुपये किलो झाला आणि २०२३पासून तो मोफत आहे. गरिबाच्या पोटाला आधार मिळाला, हे मोठंच काम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण धान्य बदललं की आजारांची यादीही बदलते, हे डॉक्टरांनी ध्यानात घ्यायला हवं. नागपूर, पुणे, मुंबई, नाशिक इथं देशभरातून आलेली कुटुंबं राहतात, तेव्हा आडनाव बघून तपासणी लिहायची की नाही हे ठरवणं तर मुळीच योग्य नाही.

निदान झालं की खरं काम सुरू होतं. पथ्याचा कागद हातात देऊन ‘गहू बंद’ एवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. रवा गव्हाचा, मैदा गव्हाचा, शेवया, लापशी, दलिया गव्हाचा, हे निदान लक्षात तरी येतं. पण थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात मूठभर असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतोच. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तो चिमूटभर हिंग रोजच्या आमटीच्या फोडणीत पडतो. ताकद यावी म्हणून दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो. आणि खपली गहू! मधुमेहाला खपली चांगली असं सगळीकडे ऐकायला मिळतं, म्हणून सिलिॲकच्या मुलालाही आजी प्रेमानं खपलीची खीर करून घालते. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलिॲकमध्ये तो चालत नाही.

मग ज्वारीवर या, असं म्हणावं तर वाटेत गिरणी लागते. गिरणीच्या दोन दगडांमध्ये आधीच्या दळणाचं पीठ अडकून राहतं, सुपात आणि खालच्या कापडी नळीतही राहतं. आपल्या ज्वारीचं पहिलं शेर-दीड शेर पीठ आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हानं भरलेलं असतं. ‘ग्लुटेनविरहित’ असं लेबल लावायला आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. गिरणीतून आलेली ज्वारी ही मर्यादा सहज ओलांडते. ‘ज्वारीवर ज्वारी दळा’ म्हणायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, पण तेवढ्यानं भागत नाही, कारण मागचं दळण बघायला आपण तिथं नसतो. जमेल त्यांनी घरी छोटी गिरणी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी नाचणी-ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून घरच्या मिक्सरवर थोडी थोडी दळावी. कष्टाचं आहे, आणि ते कष्ट बहुतेक घरांत एकट्या बाईच्या वाट्याला येतात. घरातल्या पुरुषांनी इथं हात लावायला हवा, असं मी दवाखान्यातही सांगतो आणि इथंही सांगतो.

आपल्याकडे मात्र एक मोठी जमेची बाजू आहे. युरोपातल्या सिलिॲकच्या मुलाला महागडा, पांढरा, तांदूळ आणि स्टार्चचा पाव विकत घ्यावा लागतो, आणि त्यानं साखर झपाट्यानं चढते. आपल्या मुलाकडे भाकरी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, डाळी, पोहे, घावन, आंबोळी, उकडीचे मोदक. मधुमेहाचा हिशेब सांभाळत गहू टाळायला महाराष्ट्राइतकं सोयीचं स्वयंपाकघर क्वचितच मिळेल. फक्त भात आणि साबुदाण्यावर भागवू नका, साखर पळते. आणि भाकरी किती पिठाची थापली ते एकदा काट्यावर तोलून बघा, कारण इन्शुलिनचा डोस त्यावर ठरणार आहे. शाळेच्या दप्तरात हायपोसाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा काढून तिथं ग्लुकोजची पावडर किंवा साखर ठेवा. ती बिस्किटं गव्हाची असतात, आणि घाबरलेल्या बाई नेमकी तीच मुलाला भरवतात.

एक गोष्ट आधी सांगून ठेवली नाही तर घरं घाबरतात. पथ्य नीट सुरू झालं की काही महिन्यांत आतडं भरून येतं, अन्न पुरेसं शोषलं जातं आणि इन्शुलिन जास्त लागू लागतं. लोकांना वाटतं मधुमेह वाढला, पथ्य बाधलं, आणि पोळी परत सुरू होते. वास्तविक ती सुधारणेची खूण आहे. त्या वहीवाल्या मुलीचंही असंच झालं. युनिटं वाढली, त्याबरोबर उंचीही वाढू लागली, आणि शेऱ्याच्या रकान्यात बऱ्याच जागा कोऱ्या दिसायला लागल्या.

शाळा, सोसायटी, नातेवाईक यांच्याकडून काय हवं? सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. ‘प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशानं काय होतंय’ हे वाक्य या मुलांनी शेकडो वेळा ऐकलेलं असतं. एवढ्याशानं होतं. त्या मुलाला केळं द्या, खोबरं-साखर द्या, देव रागावत नाही. आणि मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीनं निदान लपवलं जातं, मग सासरी गेल्यावर ती गुपचूप पोळी खात राहते आणि आतल्या आत झिजते. लपवू नका एवढंच मी आईवडिलांना हात जोडून सांगतो.

मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी माझी मागणी साधी आहे. निदानाच्या दिवशी पहिल्या रक्ताबरोबर टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए पाठवा, आणि त्याच दिवशी मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर पुढच्या दोन तारखा लिहून द्या, दोन वर्षांनंतरची आणि पाच वर्षांनंतरची. डॉक्टर बदलला, गाव बदललं, तरी वही बरोबर जाते. कुणा मुलात सिलिॲक निघालाच तर आईवडील आणि सख्खी भावंडं यांचंही रक्त तपासा, त्यांनाही धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

आणि या सभागृहात असेही काहीजण असतील ज्यांना लहानपणी मधुमेह झाला आणि आता तिशी-चाळिशी आली आहे. त्यांच्या बालपणी ही तपासणी कुणी करतच नव्हतं, आणि मोठ्यांच्या दवाखान्यात आता त्यांचे डोळे, मूत्रपिंड आणि पाय तपासले जातात, हे मात्र राहून जातं. टोरोंटोच्या त्या चाचणीसाठी तपासणी केली तेव्हा प्रतिपिंडं सापडण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मोठ्यांतच जास्त निघालं होतं. तुमचं रक्त यासाठी कधी तपासलं गेलं होतं का, हे जुन्या फाइलमध्ये बघा. नोंद सापडली नाही तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, आणि तोपर्यंत पोळी सोडू नका.